पडद्याची पाठ

मी तेव्हा लटारूजीच्या हाताखाली होतो.
जवसाचं तेल घोटायचं, डबे धुवायचे,
आणि तीस हात पडद्याच्या दुसऱ्या टोकाला
कापड ताणून उभं राहायचं.

राजवाडा, जंगलाचा रस्ता, तुरुंग, शेठचा दिवाणखाना,
चार पडद्यांत साऱ्या सीझनची नाटकं भागत.
दिवाणखान्यात जिना पाहिजे, मालक सांगे,
लटारूजी जिना काढे.
असा, की पुढच्या सतरंजीवरचं पोट्टं
चढायला उठे.
"लोकायसाठी आहे ना गा," तो म्हणे,
"लोकायले चढता आलं पाह्यजे."

पण राजवाड्याच्या पाठीवर,
नुसत्या कोऱ्या मांजरपाटावर,
त्यानं एक मोह काढला होता.
तेल नाही, विकतचा रंग नाही.
गेरू, चुना, कंदिलाची काजळी,
पळसाची फुलं उकळून उरलेलं पाणी.
झाडाखाली वाकलेली एक बाई, टोपलं रिकामं,
आणि अजून पुरती न झालेली पहाट.
दरसाल मंडईच्या आधी तो तिथं एखादं पान वाढवी,
एखादं फूल भुईवर पाडी.
त्या दिवसाची मजुरी मागत नसे.

"हे कोन पाह्यते जी?" मी विचारलं.
"तू पाह्यतं ना."
मग बराच वेळ ब्रश धूत राहिला.

पाहणारे होते तसे.
राणी व्हायची ती पंचफुला
एंट्रीच्या आधी त्या बाईसमोर उभी राही,
पदर सारखा करी.
खलनायकानं एकदा चुन्याचं बोट बुंध्याला पुसलं;
लटारूजीनं त्याचीच साल केली.

चुलबंदकाठच्या एका गावात, शंकरपटाच्या रात्री,
दुसऱ्या अंकात जनरेटर बसला.
समोर गच्च अंधार.
मागं कुणीतरी गॅसबत्ती पेटवली.
गुंडाळून गुंडाळून राजवाडा विरला होता,
भिंतींतून झाड आलं,
सिंहासनाच्या जागी टोपलं.
हजार माणसं गप.
मग बायांच्या बाजूनं एक आवाज,
"अवो, हे तं आपल्या बोडीवरचं झाड!"
लाइट आली तशी लोक ओरडले,
बंद करा, बंद करा लाइट.

लटारूजी स्टेजखाली बसला होता.
हसत होता.
अंगावरचं पांघरूण कुणी ओढलं की
माणूस आधी हसतोच.

पुढल्या साली मालक म्हणाला, मोह समोर घे.
घेतला. तेलात, झळाळता,
टोपलं भरलेलं, बाई ताठ, लोकांकडे पाहणारी.
टाळी पडली.
पंचफुला मागं आली, कोरं कापड पाहिलं
आणि पदर तसाच ठेवून आत गेली.

वाईट होता का तो मोह? नाही म्हणवत.
नाटक सुटल्यावर एका म्हातारीला मी
त्याच्यापुढं पाच रुपये ठेवताना पाहिलं.
लटारूजीनंही पाहिलं.
ते पाच रुपये सकाळपर्यंत तिथंच होते.

आता मी लिहितो.
एका पानावर माझं, पाठपानावर लोकांचं,
असं करून पाहिलं.
शाई उतरते.

परवा त्याच्या गावी गेलो. तो नाही.
जुना राजवाडा नातवानं
धानाच्या पुंजण्यावर टाकलेला, कडांना दगड.
विचारलं, झाड वर आहे का खाली?
त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं,
शहरातून आलेल्या माणसाकडं पाहतात तसं.
"ज्या बाजूनं पानी गळत नाही, थे वर,"
म्हणाला,
आणि एक दगड सरकला होता तो जागेवर ठेवला.